आधी कोडं, मग शुद्धलेखन: हुशार आणि तरीही अडखळणाऱ्या मुलांची शिकवणी

दुपारी चारला मी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरते. पहिला येतो आमचा रेल्वेवाला. वय ९. चपला उंबऱ्याला समांतर लावतो, भिंतीकडे तोंड करून बसतो आणि विचारतो, "बाई, आज पंचवटी वेळेवर सुटली?" आम्ही नाशिकरोडला स्टेशनजवळ राहतो, त्यामुळे मला बहुतेक वेळा उत्तर माहीत असतं. उत्तर मिळालं की तो वही उघडतो. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तीन अंकी संख्यांचा गुणाकार तो तोंडी करतो, आणि तीन ओळी लिहायला सांगितल्या की पेन्सिल भिंतीवर जाऊन आपटते.

त्याच्या मागोमाग गोष्टीवाली येते. सातवीत आहे, डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचता-लिहिताना अक्षरं अडतात, पण ऐकलेली गोष्ट महिन्यानंतरही पात्रांच्या कपड्यांसकट सांगते. मग वारा, ज्याला एका जागी बसणं जमत नाही; हे नाव त्यानेच घेतलंय. शेवटी चित्रवाली, जिच्या डोक्यात पाढे राहत नाहीत, पण कागदाची घडी घालून एकदा कापला तर उघडल्यावर कसा दिसेल ते ती आधीच काढून दाखवते. मुलांची खरी नावं मी देत नाही, मुलांनीच दिलेली ही नावं पुरेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत २१ वर्षं गणित शिकवून मी घरी शिकवण्या घ्यायला लागले. अशी मुलं शाळेतही माझ्यासमोर होतीच, पण ४५ मुलांच्या वर्गात मला ती दिसली ती "हुशार आहे पण अभ्यास करत नाही" अशीच. इंग्रजीत अशा मुलांना ट्वाइस एक्सेप्शनल म्हणतात. असामान्य बुद्धी आणि शिकण्यातली खरी अडचण एकाच मुलात असते, आणि बहुतेकदा दोन्ही एकमेकींना झाकतात. बुद्धीच्या जोरावर मूल अडचण लपवतं आणि अडचणीमुळे बुद्धी कुणाला दिसत नाही. मार्क मधलेच पडतात, म्हणून कुणी काळजीही करत नाही.

घरी किंवा शिकवणीत अशा मुलाला शिकवणार असाल तर मी काय करते ते सांगते. त्याआधी मी काय चुकीचं केलं ते सांगायला हवं.

पाचवीतला एक मुलगा होता. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "शून्याला शून्याने भागलं तर भांडणच होईल ना बाई? एक जण म्हणेल उत्तर शून्य, दुसरा म्हणेल एक." अक्षर मात्र कुणालाच लागायचं नाही, त्याचं त्यालाही नाही. मी नियम केला: आधी एक पान शुद्धलेखन, मग कोडं. दोन महिन्यांत कोड्यापर्यंत आम्ही तीनदा पोचलो. एक दिवस त्याने आईला सांगितलं, "बाईंकडे कोडी नसतात." तो यायचा थांबला. मी घरी जाऊन बोलावलं, पण तो परत आला नाही.

त्या दिवसापासून माझ्या तासाची पहिली २० मिनिटं अवघड, चमचमीत, डोक्याला खाद्य देणाऱ्या गोष्टीची असतात. लिहिण्यावाचण्याचा सराव त्यानंतर. कोडं म्हणजे बक्षीस नव्हे, त्या मुलाचं ते जेवण आहे. गृहपाठ झाला नाही म्हणून आपण पोराचं जेवण बंद करत नाही.

पहिले तीन दिवस पेन्सिल नाही

नवीन मूल आलं की मी चाचणी घेत नाही. तीन दिवस गप्पा, कॅरम, पत्ते, काड्यापेटीच्या काड्यांची कोडी. आईवडिलांना चार गोष्टी विचारते: कुणी न विचारता हा कशाबद्दल बोलत सुटतो? हात मोकळे असले की काय करतो? कोणता आवाज, वास किंवा कापड सोसत नाही? शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास कसा असतो? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं. शाळेत दिवसभर स्वतःला सावरून बसलेलं मूल घरी आल्याबरोबर फुटतं. अशा मुलाला मी चारऐवजी साडेपाचला बोलावते.

मग वही करते. डाव्या पानावर "काय येतं", उजव्या पानावर "कुठे अडतं". वाऱ्याच्या डाव्या पानावर पहिली नोंद आहे: "सोंगटी कुठे आपटून कुठे जाईल हे स्ट्रायकर मारायच्या आधी बोटाने दाखवतो." उजवीकडे: "फळ्यावरून उतरवताना दर शब्दाला मान वर, परत खाली येईतो ओळ हरवते." नोंदीत डोळ्यांना दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच लिहायचं. आळशी, हट्टी, धांदरट असले शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत, कारण त्यांच्यावर काही उपाय करता येत नाही. ओळ हरवते यावर आहे: मजकूर फळ्यावर न लिहिता त्याच्याजवळ कागदावर द्यायचा आणि ओळीखाली पट्टी ठेवायची.

खोलीकडेही बघा. माझी जुनी ट्यूब गुणगुणायची, मला कधी ऐकू आली नाही, रेल्वेवाल्याला पहिल्या दिवशी आली. ती बदलली. कुकर मी साडेतीनच्या आत लावते. वाऱ्यासाठी कपाटाच्या कप्प्यावर वही ठेवायची सोय आहे, तो उभ्याने लिहितो. बोलताना माझ्याकडे बघ असं मी कुणाला म्हणत नाही. रेल्वेवाला भिंतीकडे बघत ऐकतो तेव्हा सगळं ऐकतो. डोळ्यांत बघायला लावलं की सगळा जोर त्यातच जातो. काम बदलायच्या पाच मिनिटं आधी सांगते, मग दोन मिनिटं आधी. अचानक "बास, आता मराठी" म्हटलं की त्या दिवसाचा तास संपला समजा.

एकच काम, चार दारं

वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे धडे देत बसलात तर तुम्ही दमाल आणि मुलं एकेकटी पडतील. मी काम एकच देते, पण असं निवडते की त्यात सगळ्यात खाली पाय ठेवायला जागा असावी आणि वर छत नसावं. माझं सगळ्यात लाडकं काम आमच्या शेजारच्या देवळालीचं आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९०५ साली डहाणूला जन्मले. फावल्या वेळात आकड्यांशी खेळायचे, आणि १९४९ साली त्यांनी जे दाखवून दिलं त्यामुळे ६१७४ या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. मुलांना मी हे शेवटी सांगते. सुरुवात अशी करते: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहानाकडे मांडा, मग लहानापासून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तेच.

चित्रवालीने ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुन्हा केलं तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. ती म्हणाली, "अडकलं." तेवढ्यात गोष्टीवाली ओरडली, "माझंपण तेच आलं!" तिने २००८ घेतली होती आणि तिला सहा पायऱ्या लागल्या होत्या.

इथे दारं बघा. चित्रवाली हातचा घेताना गोंधळते, म्हणून तिच्याकडे कॅल्क्युलेटर. आज वजाबाकी शिकायची नाही, आज संख्या कुठे जातात ते बघायचंय; वजाबाकी उद्या वेगळी. तिने प्रत्येक संख्येचं घर काढलं आणि घरातून घरात जाणारे बाण. गोष्टीवालीचे आकडे एकाखाली एक येत नाहीत, तिला मोठ्या चौकटीची वही, एका चौकटीत एक अंक. वाऱ्यासाठी जुन्या कॅलेंडरचे मोठे आकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेत, तो ते फरशीवर मांडतो आणि स्वतः इकडून तिकडे धावतो. रेल्वेवाल्याला काहीच नको, तो तोंडी करतो. त्याला मी विचारलं, "जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतील?" त्याने तीन दिवस संख्या तपासल्या आणि सातच्या पुढे एकही गेली नाही असं सांगितलं. तिथपर्यंत मी बोलले नाही. उत्तर खरंच सात आहे.

पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, तीन अंकी घेऊन बघा. सगळे ४९५ वर पोचले. मग दोन अंकी. तिथे अडकतच नाही, फिरत राहतं: ९, ८१, ६३, २७, ४५, परत ९. नऊ एकटा आला की त्याच्यामागे शून्य लावून ९० धरायचे. हे चक्र चित्रवालीने पकडलं, कारण तिचे बाण गोल झाले. "बाई, हे सगळे नवाच्या पाढ्यातले आहेत." जिला नवाचा पाढा पाठ होत नाही म्हणून तिच्या घरी रडारड झाली होती, त्या मुलीने हे पाहिलं. तिच्या आईला मी तो कागद घरी न्यायला दिला.

असं काम निवडायची माझी कसोटी साधी आहे. पहिली पायरी मागे पडलेल्या मुलाला मदतीशिवाय करता यावी, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मलाही लगेच देता येऊ नये.

लिहिणं: कल्पना वेगळी, वेलांटी वेगळी

मराठी लिहिताना मुलं कुठे अडतात हे इंग्रजीवरच्या पुस्तकांत सापडत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं. 'कि' घ्या. कानाला आधी क ऐकू येतो, मग इ. हाताला मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ज्या मुलाचा आवाज आणि अक्षर यांचा धागा मुळातच कच्चा आहे, त्याला हा उलटा क्रम फार छळतो. र तर चार वेशांत येतो: सूर्य, क्रम, ट्रक, तऱ्हा. भ आणि म, घ आणि ध यांच्यात एका गाठीचा किंवा शिरोरेषेच्या तुकड्याचा फरक. ख नीट जोडला नाही की रव.

माझ्याकडे स्टीलचं मोठं ताट आहे, त्यात मूठभर रवा. मूल बोटाने अक्षर काढतं आणि काढताना मोठ्याने म्हणतं. डोळा, कान आणि बोट तिन्ही एकाच वेळी. एका दिवशी दोनच अक्षरं. काना-मात्रा-वेलांट्यांचे लाल पुठ्ठ्याचे तुकडे आहेत, व्यंजनं काळी. 'किल्ला' लावायचा तर मूल आधी काळा क ठेवतं, म्हणजे कानाला जे आधी ऐकू आलं ते, आणि मग लाल वेलांटी त्याच्या डावीकडे सरकवतं. तुकड्यांनी पंधरा-वीस वेळा झालं की मग पेन्सिल. र चं गोष्टीवालीने स्वतःच एक घर केलं: रफार गच्चीवर बसतो, क्र मधला र मांडीवर, ट्र मधला र खाली झोपाळ्यावर, आणि तऱ्हा मधला र दाराला लटकलेला. तिने एकदाही मला विचारलं नाही. त्यानंतर तिच्या वहीत सूर्य बहुतेक वेळा बरोबर येतो.

हा सराव दिवसाला १० मिनिटं, जास्त नाही. आणि निबंधाच्या वेळी तो पूर्ण बाजूला. निबंध म्हणजे विचार. गोष्टीवाली लिहायला बसली की चार ओळी यायच्या, सोपे शब्द निवडून, कारण अवघड शब्द लिहिता येत नाहीत. 'अंधार पडला' लिहायचं, कारण 'काळोख दाटला' मध्ये ख. एका दिवशी मी फोन पुढे ठेवला आणि म्हटलं, बोल. गोदावरीला पूर आलेला असताना दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं त्यावरून आजी पुराचा अंदाज कसा सांगते, ते ती सलग बोलली. फोनने मराठीत टाइप केलेलं आम्ही दोघींनी वाचून नीट केलं, दीड पान झालं. तिने ते तीनदा वाचलं. स्वतःचं म्हणून वाचलं, आणि वाचनाचा सराव तिथेच झाला.

तपासताना मी दोन वेगळ्या वेळी तपासते. पहिल्यांदा निळ्या पेनने फक्त आशय: कुठे मजा आली, कुठे मला अजून ऐकायचं होतं. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, एकाच प्रकारच्या चुका, जास्तीत जास्त पाच. बाकीच्या तशाच राहू द्यायच्या. पान लाल झालं की पुढच्या वेळी ओळी कमी येतात, हे तुम्हीही करून पाहिलं असेल.

सदुसष्ट की शहात्तर

आपले आकडे बोलताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. सदुसष्ट ऐकून मूल ७६ लिहितं, ते बेफिकिरीने नव्हे, ऐकलं त्या क्रमाने लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ सात' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मी बाजूने होते आणि आजही आहे, पण भांडायला नको: दोन्ही वापरा. मूल 'साठ सात' म्हणतं, ६७ लिहितं, आणि मग त्याचं लाडाचं नाव सदुसष्ट.

या नावांत बुद्धीचं खाद्यही आहे. मी एकदा विचारलं, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, यातलं 'एकोण' म्हणजे काय असेल? वाऱ्याने उभ्याउभ्या उत्तर दिलं, "एक कमी." आणि लगेच, "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही?" ८९ पर्यंत नियम पाळला जातो, एकोणनव्वदसुद्धा म्हणतो आपण, आणि ९९ ला मोडतो. त्याने ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं. ज्याला दोन वाक्यं एका बैठकीत लिहवत नव्हती, त्याने तो कागद न उठता लिहिला.

आवड म्हणजे दार

रेल्वेवाल्याला गुणोत्तर शिकवायचं होतं. पुस्तकातलं सरबताचं उदाहरण त्याने ऐकूनही घेतलं नाही. मग मी म्हटलं, कसारा घाटाचा चढ ३७ ला १ आहे. तो वळला. आम्ही गल्लीत खडूने ३७० सेंटीमीटरची रेघ मारली आणि टोकाला १० सेंटीमीटर उंचीची वीट उभी केली. वारा म्हणाला, "एवढूसाच?" तेव्हा रेल्वेवाल्याने आपणहून सगळ्यांना सांगितलं की एवढ्याच चढासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात, कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घट्ट धरत नाही. एक किलोमीटरला किती चढ, विचारलं तर, "सत्तावीस मीटर आणि थोडंसं." त्या दिवशी त्याने बँकरबद्दल तीन ओळी लिहिल्या. पेन्सिल हातात राहिली.

सगळं काही रेल्वेतूनच शिकवायचं असं नाही. दारातून आत आल्यावर पुढे चालायचं असतं. दोन दिवसांनी तेच गुणोत्तर मी घराच्या जिन्यावर आणि मग सरबतावर नेलं, आणि सरबत त्याने केलं.

शाळेशी बोलताना

हे लवकर उरकते, पण टाळू नका. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच) दोन्ही येतात. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. तपासणीच्या तारखा लांबतात, म्हणून दहावीची वाट बघू नका. शाळेला अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. एका शाळेत माझ्यासमोर एका आईला सांगितलं गेलं, "एवढी हुशार आहे, तिला कसली सवलत?" तेव्हा माझी वही कामाला आली. डाव्या-उजव्या पानांच्या सहा महिन्यांच्या तारीखवार नोंदी समोर ठेवल्यावर बोलणं बदललं.

बुद्धिमान मुलांना वेगळं खाद्य लागतं हा विचार आपल्याकडे नवा नाही, पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचं काम १९६२ पासून आहे. पण तुमच्या गल्लीतलं अडखळणारं मूल तिथवर पोचेलच असं नाही. त्याला आठवड्यातले तीन तास आणि त्याच्या प्रश्नाला घाई न करणारं एक मोठं माणूस हवं. प्रशिक्षित विशेष शिक्षिका किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट जवळ असतील तर त्यांच्याकडून शिका. मी दर महिन्याला जाते आणि विचारते.

शेवटची १० मिनिटं

तासाची शेवटची १० मिनिटं मुलांची. त्यात मी शिकवत नाही, दुरुस्त करत नाही. कुणीही कुणाला काहीही शिकवावं. परवा गोष्टीवालीने रेल्वेवाल्याला विचारलं की घाट चढून इगतपुरीला बँकर गाडीपासून सुटतात तेव्हा त्यांना वाईट वाटत असेल का. तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. ते परत खाली जातात. खाली दुसरी गाडी थांबलेली असते." तिने फोन उचलला आणि तिथूनच गोष्ट बोलायला सुरुवात केली.